'नाळे बा' लिहिलेलं दार : हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावला येणाऱ्या आमदार-मंत्र्यांना खुलं पत्र

सन्माननीय आमदार आणि मंत्री महोदय,

नमस्कार, शरणू.

डिसेंबरात तुम्ही बेळगावला येता तेव्हा माझाही धंदा जरा बरा चालतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्टीत मी ट्रॅक्स चालवतो. अधिवेशन लागलं की ऊसवाले, अंगणवाडीच्या बायका, आशा, सगळ्यांना हलगा-बस्तवाडला, तुमचं अधिवेशन भरतं त्या सुवर्णसौधाच्या बाजूला सोडायची भाडी मिळतात. गाडी लावतो आणि तंबूच्या कडेला बसून भाषणं ऐकतो. मंत्री येतात, निवेदन घेतात, फोटो होतो, कागद मागं उभ्या असलेल्या पी.ए.च्या हातात जातो. पुढं तो कुठं जातो ते इतक्या वर्षांत मला काही दिसलेलं नाही. म्हणून आमचं निवेदन हातात न देता असं उघड्यावर ठेवतोय. हे पी.ए.कडे देता येणार नाही.

गावाचं नाव लिहिलेलं नाही, ते भिऊन नव्हे. आमच्या सरकारी दवाखान्यात एक सिस्टर आहेत, त्या आहेत म्हणून त्याला दवाखाना म्हणायचं. गावाचं नाव छापून आलं की पहिली नोटीस त्यांनाच जाते, हे एकदा बघून झालंय. तुम्ही शोधायला निघालात तर दवाखाना सापडेल. चुकून दुसऱ्याच गावचा दवाखाना सापडला आणि तोच आमचा वाटला, तरी फार बिघडणार नाही.

कर्नाटकात 'नाळे बा' ही गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक असणार. रात्री एक बाई येऊन दार वाजवते, घरातल्या माणसाच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडलं की माणूस गेला. त्यावर लोकांनी उपाय काढला, दारावर लिहायचं 'नाळे बा'. उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचते. आमच्या दवाखान्याच्या दारावर तसं काही लिहिलेलं नाही. पण संध्याकाळी पाचनंतर कुणी तिथं गेलं तर काम अगदी तसंच होतं. भूत नसलेली माणसं परत जातात.

आमच्याकडं रात्रीचा दवाखाना म्हणजे माझी गाडी.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, रोप लावणीच्या दिवसांत, रात्री साडेआठला शेजारच्या वाडीतनं एक पोरगा पळत आला. त्याच्या बापाला बांधावर घोणस चावली होती. घोणसच, कारण मारून खताच्या पिशवीत घालून आणली होती. मारू नका, आणू नका, त्यात वेळ जातो, असं आशाताई सांगून दमल्या, पण माणसाला पुरावा हातात लागतो. पाय पोटरीपर्यंत सुजलेला. चार किलोमीटरवर आपला दवाखाना, म्हणून आधी तिथं गेलो. बाहेरची ट्यूब लागलेली, दाराला कुलूप. सिस्टर त्या दिवशी रजेवर गावी गेलेल्या. मागच्या खोलीतनं शिपाई आला, म्हणाला, डॉक्टर इल्ल, खानापूरला न्या. त्या बिचाऱ्याला तरी काय म्हणणार? त्याच्याकडं किल्ली होती, इंजेक्शन द्यायचा अधिकार नव्हता.

नाल्यावर पाणी होतं. अर्धा तास थांबलो. खानापूरला पोचेपर्यंत त्याच्या हिरड्यांतनं रक्त यायला लागलं होतं. तिथं पहिल्या बाटल्या चढल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मग पुढं बेळगाव. माणूस वाचला. पण किडन्या बसल्या, डायलिसिस करावं लागलं, महिन्याहून जास्त दिवसांनी घरी आला. दोन म्हशी विकल्या. ह्या वर्षी त्याची लावणी शेजाऱ्यांनी केली, तो बांधावर खुर्ची टाकून बघत होता.

हे झाल्यावर आमच्या गावची एक मुलगी, बेळगावात नर्सिंगला आहे ती, सुट्टीत आली होती. तिनं जे समजावलं ते ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला मशीन लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, न हलवता वीस मिनिटं उभं ठेवायचं, मग नळी आडवी करून बघायची. गोठलं नसेल तर विष भिनलंय, सर्पदंशाची लस लगेच चालू करायची. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. लस पावडरच्या रूपात मिळते, त्या प्रकाराला फ्रिजचीही जरुरी नाही. म्हणजे आमच्या दवाखान्यात त्या रात्री एक शिकलेला माणूस, एक काचेची नळी, दहा बाटल्या आणि लस अंगावर उठली तर द्यायचं अ‍ॅड्रेनालिन एवढं असतं, तर साडेनऊच्या आत औषध अंगात गेलं असतं. नाल्याचं पाणी मग काय, उतरलं असतं सावकाश.

2024 मध्ये कर्नाटक सरकारनं सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवला. देशात हे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या राज्यांत आपलं राज्य आहे. चांगलं केलं, खरंच चांगलं केलं. पण नोंद करायची तर पेशंट आधी दाराच्या आत यायला पाहिजे. आमचा माणूस तालुक्याच्या गावी नोंदला गेला. आमच्या दवाखान्याच्या वहीत त्या दिवशी काहीच घडलेलं नाही.

त्याच मुलीनं मोबाईलवर केंद्र सरकारची सार्वजनिक आरोग्य मानकं काढून दिली. इंग्रजी कागद, पण तिनं ओळ न ओळ वाचून सांगितली आणि आमच्या गावकऱ्यांच्या दवाखाना समितीत कीर्तन ऐकावं तशी सगळ्यांनी ऐकली. सपाटीवर 30,000 लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ भागात 20,000 लोकांमागं. सहा खाटा. सकाळी चार तास आणि दुपारी दोन तास ओ.पी.डी., आठवड्यातनं सहा दिवस. चोवीस तास तातडीची सेवा, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय : साप, कुत्रं, विंचू चावलेले पेशंट. जखमेला टाके. पुढं पाठवायच्या आधी पेशंटला सावरणं. ही 2012 ची आवृत्ती. 2022 मध्ये नवीन आली, पण आमचं अजून 2012 चंच व्हायचंय, म्हणून पुढचं वाचलं नाही. त्याच्या मागं जायचं तर 1946 चा भोर समितीचा अहवाल आहे. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, असं इंग्रज असताना लिहून ठेवलेलं.

आमच्या दवाखान्यात सहा खाटा आहेत. तीनांवर पेशंट झोपू शकतो. एकीवर जुनी रजिस्टरं आहेत, एकीवर सलाईनचे खोके, आणि सहावीचा पाय मोडलाय, तो विटेवर उभा आहे. विटेवर उभं राहणाऱ्याला आमच्याकडं हात जोडायची पद्धत आहे, म्हणून तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

डॉक्टर का नाही, ह्याचं उत्तर मिळवायला आम्ही माहितीचा अधिकार वापरला. कायद्यात तीस दिवस लिहिलेत, आम्हाला दोन महिने लागले. उत्तर कन्नडमध्ये आलं. मला कन्नड वाचता येतं, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. वैद्याधिकारी : मंजूर एक, 'प्रभारी'. म्हणजे दुसऱ्या दवाखान्याचे डॉक्टर आमचाही कारभार बघतात, मंगळवार आणि शुक्रवार. स्टाफ नर्स : मंजूर तीन. एक आमच्या सिस्टर. एक पद रिकामं. आणि तिसऱ्या नावासमोर लिहिलेलं 'नियोजने'. आमच्यातले एक काका खूश झाले, म्हणाले, बघा, नियोजन चाललंय, येईल कुणीतरी. मराठीत नियोजन म्हणजे पुढची आखणी. कन्नडमध्ये नियोजने म्हणजे डेप्युटेशन. ती नर्स आमच्या दवाखान्याच्या नावावर पगार घेते आणि काम शहराजवळच्या दवाखान्यात करते. काकांना समजावताना मलाच कसंतरी झालं.

हे मी डॉक्टरांवर खापर फोडायला लिहीत नाही. 2012 च्या कायद्यानं नवीन डॉक्टरांना एक वर्ष सक्तीची सेवा लागली, त्यातनं आमच्याकडं मधल्या काळात एक तरुण डॉक्टर आले होते. मैसूरकडचे. रात्री दोनला दार वाजवलं तरी लुंगीवर उठून यायचे. आमच्या काजूच्या मोसमात कुणाला जास्तच ताप आला की जंगलात गेला होतास काय, गोचीड चावली काय, असं खोदून विचारायचे, कारण 2015-16 मध्ये पलीकडं सत्तरी आणि दोडामार्गला माकडतापानं काय केलं ते त्यांनी वाचलं होतं. राहायचे क्वार्टर्समध्ये. आता ते क्वार्टर्स म्हणजे काय, तर जून ते सप्टेंबर आत छत्री लागते. कणकुंबी-आमगाव बाजूचा पाऊस तुम्ही पाहिला नसेल, आमच्याकडं पावसाचे दिवस मोजत नाहीत, उघडीप मोजतात. भिंतीला शेवाळ, मोटार बंद म्हणून नळाला पाणी नाही, रात्री लाईट गेली की सकाळीच. एका रात्री छपरातनं साप पडला. ते मैसूरचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगत होते, पण वर्ष संपल्यावर एक दिवसही जास्त थांबले नाहीत. मी असतो तर मीही थांबलो नसतो. त्यांना बेळगावच्या स्टँडवर मीच सोडलं, भाडं घेतलं नाही, त्यांनी जबरदस्तीनं डॅशबोर्डवर पाचशेची नोट ठेवली.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी सभागृहात 'डॉक्टर खेड्यात जायला तयार नाहीत' असं म्हणालं तर कृपा करून पुढचा प्रश्नही विचारा, की छप्पर कुणी दुरुस्त करायचं? राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झालं तेव्हा प्रत्येक प्राथमिक केंद्राला वर्षाला 25,000 मुक्त निधी, 50,000 देखभालीला आणि 1,00,000 रुपये रुग्ण कल्याण समितीला, अशी रचना ठरली होती. आपल्याकडं तिला आरोग्य रक्षा समिती म्हणतात. तिच्यात गावच्या लोकांनाही जागा असते. आमच्या ग्रामपंचायतीच्या एक बाई तिच्या सदस्य आहेत, हे त्यांना आमच्या अर्जाच्या उत्तरातनं कळलं. बैठकीच्या वहीवर त्यांची सही आहे म्हणे. त्या अंगठा लावतात.

दवाखान्याच्या समोर किराणा दुकान आहे. तिथं आम्ही दोनशे पानी वही लटकवली, दोरीला पेन बांधून. दुकानदाराची नववीतली नात लिहिते, अक्षर मोत्यासारखं. दार किती वाजता उघडलं, कोण आलं, कोण परत गेलं. एक पान असं : मंगळवार, डॉक्टर 11:20 ला आले, 1:15 ला गेले, रांग रस्त्यापर्यंत. बुधवार, फक्त सिस्टर, कुत्रं चावलेल्या मुलाला लस, तिसऱ्या दिवसाचा डोस. गुरुवार, लाईट नाही, सिस्टर लसीच्या फ्रिजचं तापमान दोनदा लिहून गेल्या. शुक्रवार, डॉक्टरांना जिल्ह्याची मीटिंग, लोक परत. शनिवार रात्री, गवळीवाड्यावरची बाळंतीण, परत. ही वही घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. साहेबांनी चाळली आणि म्हणाले, ही अधिकृत नाही. बरोबर आहे. अधिकृत वहीत त्या शनिवारी रात्री काही घडलेलंच नव्हतं.

त्या बाळंतिणीचं सांगतो, कारण लोक ते हसत सांगतात आणि मला हसू येत नाही. पालाच्या वस्तीपासनं बांबूला चादर बांधून तिला रस्त्यापर्यंत आणलं होतं. 108 लावायला रेंज पाहिजे, ती आमच्याकडं एका माळावर येते, 'टॉवरचा माळ' म्हणतात, टॉवर तिथं नाहीच. (कर्नाटकात 108 सुरू झाली 1 नोव्हेंबर 2008 ला. आमच्या सीमाभागात त्या दिवशी काळा दिवस पाळतात, पण 108 वर राग कुणाचाच नाही. ती आली असती तर हार घातला असता.) शेवटी माझी गाडी. खानापूरच्या अलीकडं एका पुलाजवळ गाडीतच मुलगी झाली. बरोबरच्या आजीनं नाळ दोऱ्यानं बांधली, माझ्या गाडीतला टॉवेल गुंडाळला. दोघी सुखरूप आहेत. जन्मदाखल्यात जन्माचं ठिकाण काय लिहायचं ह्यावर दोन दिवस गेले. पोरगी आता चालते, मला बघितलं की हॉर्नचा आवाज काढते.

आणि एक गोष्ट कबूल करतो. हे सगळं असंच चालू राहण्यात माझा फायदा आहे. रात्री खानापूरला न्यायचे मी 1,500 घेतो, बेळगावला 2,500. चढाचा रस्ता, डिझेल, परतीला रिकामी गाडी, हे सगळं खरं आहे, तरी घेतो ते घेतोच. सरकार बायकांना महिन्याला गृहलक्ष्मीचे 2,000 देतं. आमच्या पट्टीत त्यातले कित्येक माझ्या खिशात येतात. जून 2023 पासनं बसही बायकांना फुकट आहे, पण बस संध्याकाळी साडेपाचला शेवटची, आणि पोटात कळा काही वेळापत्रक बघून येत नाहीत. एका बाईनं दोन महिन्यांचे पैसे एकदम माझ्या हातात मोजून दिले तेव्हा म्हणाली, तुमच्या गाडीचीच लक्ष्मी. ती चेष्टेनं बोलली. मी त्या दिवसापासनं समितीच्या मीटिंगला जायला लागलो.

आता जे बोलायला आमचे लोकही कचरतात, ते बोलतो. आम्ही सीमाभागातले मराठी. 1956 पासनं आमच्यावरनं दोन राज्यांत भांडण आहे. 1967 चा महाजन अहवाल, 2004 पासनं सुप्रीम कोर्टातला दावा, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. माझंही त्यात मत आहे आणि ते मी लपवत नाही. पण 2023 मध्ये काय झालं बघा. महाराष्ट्रानं आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकानं हरकत घेतली. जानेवारी 2024 मध्ये बेळगावातली अर्ज भरायची केंद्रं बंद करण्यात आली. तिकडं सभेत टाळ्या, इकडं सभेत टाळ्या. आमच्या गल्लीत आठ दिवस एवढाच विषय. आणि त्या आठ दिवसांत, सांगायला लाज वाटते, आमच्यापैकी एकानंही हे विचारलं नाही की ते कार्ड मिळालं असतं तर घोणस चावलेल्या माणसाचं त्यानं काय केलं असतं? कार्ड मोठ्या हॉस्पिटलातल्या ऑपरेशनचं आणि मोठ्या उपचारांचं. हृदय, मूत्रपिंड, कॅन्सर. चांगलंच आहे, कुणी देत असेल तर घ्यावं. पण दवाखान्याच्या कुलपाला कार्ड लागत नाही. दोन्ही सरकारांना 865 हा आकडा पाठ आहे. त्यातल्या किती गावांना रात्री डॉक्टर मिळतो, हे कुठल्याच बाजूच्या भाषणात मी आजवर ऐकलं नाही.

गोव्याचंही तेच. आमची निम्मी तरुण पोरं चोर्ल्याच्या घाटातनं गोव्याला कामाला जातात, पूर्वी आजारी माणसालाही तिकडंच घेऊन जायची. 2018 पासनं तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात बाहेरच्या राज्यातल्यांना पैसे पडतात. त्यांच्या लोकांच्या पैशानं चालतं, त्यांनी नियम केला, आपण काय बोलणार? तीन राज्यं आमच्या गावातनं दिसतात एवढं मात्र खरं.

आणि हे फक्त मराठीचं रडगाणं नाही. तालुक्याच्या पूर्वेकडं कन्नड गावं आहेत, तिथला एक दवाखाना आमच्याच वळणावर चाललाय. तिथले दोघं आमच्या समितीत आहेत. 'प्राथमिक आरोग्य केंद्र' हे शब्द दोन्ही भाषांत अगदी सारखे आहेत, तिथला अनुभवही आता सारखाच झालाय.

भाषेचं मात्र एक काम आहेच, आणि ते फुकटात होण्यासारखं आहे. आमच्या सिस्टर बागलकोटकडच्या. आल्या तेव्हा मराठी शून्य. आता विचारतात, 'पोट दुखतंय काय, फुगलंय काय, संडास झालंय काय,' मोडकं आहे, पण पोचतं. आमचं कन्नड त्यांच्याशी तेवढंच मोडकं. गवळीवाड्यावरच्या एका आजीनं साखरेच्या आजाराची गोळी सकाळ-संध्याकाळच्या जागी एकदम दोन-दोन घेतली आणि चक्कर येऊन पडली, कारण पाकिटावरचं कन्नड घरात कुणाला वाचता येत नव्हतं. तेव्हापासनं सिस्टर पाकिटावर पेनानं सूर्य काढतात आणि चंद्र काढतात. सूर्याला एक गोळी, चंद्राला एक. गरोदर बायकांचं 'तायी कार्ड' असतं, कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्या बायका ते 'ताई कार्ड' वाचतात आणि सिस्टरांचं कार्ड समजून त्यांच्याकडंच ठेवायला देतात. अशा गमती सांगाव्या तेवढ्या कमी. पण औषध कसं घ्यायचं, कुठल्या दिवशी लस, कुठली सेवा फुकट, एवढं कन्नडच्या खाली मराठीत लिहायला कुणाचं राज्य कमी होणार आहे? मानकांतच लिहिलंय की नागरिकांची सनद स्थानिक भाषेत लावावी. 1956 साली केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांबद्दल जे निवेदन काढलं त्यातही हेच आहे, 15 ते 20 टक्के लोक जिथं दुसरी भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्या. आणि घटनेचं 350 वं कलम सांगतं की गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. त्याच कलमाच्या भरवशावर मी हे पत्र मराठीत लिहितोय. कन्नड करून पाहिजे असेल तर आमच्या समितीतला कन्नड गावचा दोस्त करून देईल, तो माझ्यापेक्षा कडक लिहितो.

कार्तिकी एकादशीच्या रात्री आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर भजन धरलं. मोर्चा काढायचा की नाही ह्यावर खूप वाद झाला होता. माळकरी मंडळी म्हणाली, जागर तर करायचाच आहे, देवळात करण्यापेक्षा इथं करू, दार उघडेल तेव्हा उघडेल. टाळ, मृदंग, चार गावचे लोक. पूर्वेकडच्या त्या दोस्तानं एक कन्नड पद म्हटलं, मृदंगवाल्यानं ठेका बरोबर पकडला. अकराच्या सुमाराला दोन पोलीस आले, परवानगी आहे काय विचारलं. एका आजीनं त्यांना उपासाची खिचडी वाढली. त्यातला एक जाताना हळूच विचारत होता, गुडघ्यावर मलम मिळेल काय हितं.

साधारण एक वाजता एक बाप मोटरसायकलवरनं पोरगं घेऊन आला. पाच-सहा वर्षांचं, दमा लागलेला, छातीतनं शिट्टी वाजत होती. गर्दी बघून तो घाबरला, त्याला वाटलं आत कुणी गेलंय. सिस्टर गावातच भाड्याच्या खोलीत राहतात, ओट्यावर भजनाला बसल्या होत्या. त्यांनी टाळ खाली ठेवले, कुलूप काढलं, नेब्युलायझर लावला. भजन थांबलं होतं. आतनं मशीनची घरघर ऐकू येत होती, तेवढीच. वीस मिनिटांनी पोरगं बिस्कीट मागायला लागलं. त्या रात्री आमच्या दवाखान्याचं दार उघडलं, कुठल्याही आदेशाशिवाय, एका बाईनं उघडलं, जिची ड्यूटी दुपारीच संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती पुन्हा खुर्चीवर होती. तीन माणसांचं काम एकटीनं किती दिवस करायचं?

आमचं मागणं मोठं नाही. नवी इमारत नको. केंद्र सरकारनं 2023 मध्ये अशा केंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' नाव दिलं, तशी आणखी नावंही नकोत, मंदिराला निदान पुजारी रात्री तिथंच राहतो. आधी क्वार्टर्सचं छप्पर आणि पाणी, पुढच्या जूनच्या आत, कारण ते झाल्याशिवाय कुठलाही डॉक्टर पाठवलात तरी तो परत येणार. मग पूर्णवेळचा डॉक्टर. 'नियोजने'वर नेलेली नर्स परत, रिकामं पद भरून तिघी, म्हणजे रात्रीची पाळी लागेल. सर्पदंशाची लस निदान एका पेशंटला पुरेल एवढी कायम कपाटात, आणि ती द्यायचं प्रशिक्षण. आरोग्य रक्षा समितीची खरी बैठक, ज्यात अंगठा लावणाऱ्या बाईंचा अंगठा लागेल. पाट्या आणि औषधाची पाकिटं दोन्ही भाषांत. यातलं काय होणार नाही तेही लेखी कळवा, कारण 'बघू' ह्या शब्दावर आम्ही बरीच वर्षं काढलीत.

जिल्ह्याची लोकसंख्या 2011 ला 47 लाख 79 हजार होती, बेंगळूर सोडलं तर राज्यात सगळ्यांत मोठा जिल्हा. तुमच्यासमोर असे अनेक कागद येणार ह्याची मला कल्पना आहे. सुवर्णसौधापासनं आमच्याकडं यायला दोन तास लागतात. यायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर या आणि आधी फोन करू नका. मागं एकदा साहेब येणार म्हणून फोन आला, तर औषधाच्या आधी रंगारी आला आणि साहेब आलेच नाहीत. गाडी माझी. डिझेल माझं.

आपला,
एक ट्रॅक्सवाला
दवाखाना समितीच्या वतीनं, खानापूर तालुका

ता. क. : काचेच्या नळ्यांचं राहिलं. समितीनं वर्गणी काढून बेळगावातनं एक डझन टेस्ट ट्यूब आणल्या आणि दवाखान्यात द्यायला गेलो. तिथं सांगितलं, देणगी घ्यायला आरोग्य रक्षा समितीचा ठराव लागतो, आणि बैठक झालेली नाही. नळ्या सध्या माझ्या गाडीत आहेत, पुढच्या कप्प्यात, टॉवेलात गुंडाळून. रस्ता खराब आहे, दोन फुटल्या.